जुन्या गेम कॅसेटी : संग्रह, अदलाबदल आणि झाकणाखालचा पुरावा

तपकीर गल्ली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

कार्ट्रिज या वस्तूला आपल्याकडे पहिल्यापासून कॅसेटच म्हणत आले आहेत, तेव्हा या धाग्यातही तोच शब्द राहू द्यावा. १९९०च्या दशकात लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांची जी यंत्रे आपण टीव्हीला जोडत होतो, ती निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये बाजारात आणलेल्या फॅमिकॉमच्या आराखड्यावर बेतलेली होती. त्यांच्या खाचेत ६० पिनांची कॅसेट बसते आणि अस्सल जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटीलाही ६० पिनाच असतात. एनईएस या निन्टेन्डोच्या अमेरिकी यंत्राच्या कॅसेटीला मात्र ७२ पिना असतात आणि ती आकारानेही बरीच मोठी असते. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांचा संग्रह एकाच वाटेने सुरू झालेला दिसतो. माळ्यावरच्या खोक्यात जुने यंत्र सापडते, नशिबाने ते चालू होते, आणि मग लहानपणी पिवळ्या कॅसेटीत खेळलेला गेम मूळ जपानी रूपात हाती यावा असे वाटू लागते. माझेही तसेच झाले.

या धाग्याचे निमित्त मात्र एका फसलेल्या खरेदीचे आहे. गेल्या पावसाळ्यात मी एका विक्रेत्याकडून कोनामीचा १९८९ सालचा 'अकुमाजो देन्सेत्सु' घेतला. हा गेम संगीतासाठी नावाजलेला आहे, कारण त्याच्या कॅसेटीत व्हीआरसी ६ नावाची कोनामीची स्वतःची चीप असते आणि ती फॅमिकॉमच्या मूळच्या पाच ध्वनिमार्गांत आणखी तीन मार्गांची भर घालते. अमेरिकी यंत्राच्या कॅसेट-खाचेत अशा बाहेरच्या आवाजाला आत येण्याची वाटच नव्हती, म्हणून तिकडच्या आवृत्तीत, म्हणजे 'कॅसलव्हेनिया ३'मध्ये, तेच संगीत पाच मार्गांत बसवावे लागले. माझ्याकडे आलेल्या कॅसेटीचे कवच अस्सल होते, लेबल अस्सल होते, कडांवरची झीजही वयाला शोभेशी होती. पण गेम सुरू केल्यावर संगीत भरल्यासारखे वाटेना. शेवटी खिटी सैल करून झाकण उघडले, तेव्हा आत जेमतेम दोन बोटे रुंद बोर्ड निघाला आणि त्यावर काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली दडवलेली चीप. मूळ बोर्ड कोणीतरी कधीच काढून घेतला होता. विक्रेत्याचे म्हणणे असे की त्याने स्वतः ती कॅसेट कधी उघडून पाहिलीच नव्हती. मला ते खरे वाटले, आणि खरे सांगायचे तर तीच जास्त काळजीची गोष्ट आहे. त्याच्याआधी ती कॅसेट किती हातांतून गेली असेल आणि त्यांपैकी कोणीच आत डोकावले नसेल, याचा हिशेब कोण देणार?

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की दुर्मीळ कॅसेट घेताना आपण पैसे मोजतो ते गेमसाठी नव्हे, पुराव्यासाठी. गेम तर इतर पन्नास मार्गांनी खेळता येतो. ही वस्तू तीच आहे, ती त्याच कारखान्यातून निघाली आहे आणि मध्ये तिच्यात कोणी हात घातलेला नाही, एवढे दाखवता आले तर तिची किंमत. नाहीतर ते रंगीत प्लास्टिक.

आता पुरावा कशात पाहायचा, ते सांगतो. लेबलावर फार विसंबू नये, कारण चांगल्या छपाईयंत्रावर लेबल सहज निघते. कवच त्याहून बरे, विशेषतः जपानी कॅसेटींत. अमेरिकेत निन्टेन्डो इतर कंपन्यांच्या गेमच्या बहुतेक कॅसेटीसुद्धा स्वतःच बनवून देत असे, त्यामुळे तिथल्या बहुतेक कॅसेटी एकाच राखाडी साच्यातल्या दिसतात. जपानमध्ये मात्र कोनामी, नामको, जालेको, इरेम, सनसॉफ्ट अशा काही कंपन्यांना स्वतःच्या कॅसेटी घडवण्याची मुभा होती आणि प्रत्येकीचा साचा, रंग, धरायच्या जागेवरच्या रेघा वेगळ्या असत. कोनामीच्या साच्यात नामकोचा गेम दिसला तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. पण माझ्याच उदाहरणावरून दिसते की कवच खरे असूनही आतला माल बदलता येतो. म्हणून अखेरचा शब्द बोर्डाचा. त्यावर छापलेले कंपनीचे नाव, बोर्डाचा क्रमांक, गेम साठवलेल्या रॉम चीपवरचा क्रमांक, सोल्डरिंगची सफाई आणि पिनांवरचा सोन्याचा मुलामा, या पाच गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. फॅमिकॉमच्या बहुतेक कॅसेटी खिट्यांवर बंद होतात, त्यामुळे त्या पातळ प्लास्टिकच्या पट्टीने हळूच उघडाव्यात. स्क्रूड्रायव्हर घातला की कडेला पांढरा ओरखडा पडतो आणि तो कायमचा राहतो. एनईएसच्या नंतरच्या कॅसेटींना ३.८ मिलिमीटरचा खास सुरक्षा-स्क्रू असतो आणि त्याचे बिट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा आमच्या पुण्यातल्या तपकीर गल्लीत विचारले तर मिळून जाते.

दुसरा गोंधळ 'दुर्मीळ' या शब्दाचा. जाहिरातीत सोनेरी रंगाची 'झेल्डा' दिसली की दुर्मीळ म्हणून किंमत चढवलेली असते, पण तो गेम जगभर साठ लाखांहून अधिक खपला आणि अमेरिकेत तो मुळात सोनेरी कवचातच आला होता. नंतर निघालेली राखाडी आवृत्ती त्या मानाने कमी सापडते, आणि ती दिसायला इतकी साधी आहे की तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. गेम नावाजलेला असणे, जुना असणे, महाग असणे आणि कमी प्रती शिल्लक असणे, या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. 'लिटल सॅमसन' १९९२ साली आला तेव्हा लोकांचे लक्ष सुपर निन्टेन्डो या पुढच्या यंत्राकडे वळलेले होते, त्यामुळे त्याच्या प्रती मुळातच थोड्या निघाल्या. बांदाईचा 'स्टेडियम इव्हेंट्स' अमेरिकेत १९८७ साली दुकानांत पोचला न पोचला तोच निन्टेन्डोने त्याच्याबरोबरची पाय ठेवून खेळायची चटई स्वतःच्या नावाने काढायचे ठरवले आणि माल परत घेतला; विकल्या गेलेल्या प्रती २००च्या आसपास असाव्यात असा संग्राहकांचा अंदाज आहे. त्याच गेमची युरोपातली आवृत्ती मात्र इतकी दुर्मीळ नाही, आणि नेमक्या याच फरकावर कित्येक सौदे फसले आहेत.

या धाग्यावर आपण आपसांत अदलाबदल सुरू करावी अशी माझी सूचना आहे, पण काही शिस्त पाळूनच. देणाऱ्याने कॅसेटीची पुढची बाजू, मागची बाजू, पिना आणि उघडलेला बोर्ड यांची छायाचित्रे टाकावीत, आणि प्रत्येक छायाचित्रात त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी. उघडायची तयारी नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा काही नाही, फक्त भाव त्या हिशेबाने ठरेल. बोर्ड पाहिल्याशिवाय 'अस्सल' हा शब्द कोणी वापरू नये, 'कवच अस्सल' असे म्हणावे. आपापले अनुभव आणि माझ्या चुका, दोन्ही जरूर लिहा.

सोल्डरगन

उत्तम धागा. दोन दुरुस्त्या सुचवतो, राग नसावा.

पहिली आवाजाबद्दल. तुमची शंका खरी ठरली, पण ती ज्या कारणाने आली ते कारण कच्चे होते. फॅमिकॉममध्ये यंत्राचा आवाज ४५ क्रमांकाच्या पिनेवरून कॅसेटीत जातो आणि ४६ क्रमांकाच्या पिनेवरून परत येतो. साध्या कॅसेटीत या दोन पिना आतल्या आत जोडलेल्या असतात, तर व्हीआरसी ६सारख्या कॅसेटीत त्या वाटेवर चीपचा आवाज मिसळला जातो. आपल्याकडच्या कित्येक यंत्रांत ही वाट जोडलेलीच नव्हती. आवाज कॅसेटीत न जाता थेट टीव्हीकडे जात असे. अशा यंत्रावर शंभर टक्के अस्सल 'अकुमाजो देन्सेत्सु' लावला तरी संगीत अर्धेच ऐकू येईल. म्हणजे अशाच आवाजावरून कोणी अस्सल कॅसेट परत पाठवून विक्रेत्याला लबाड ठरवले असते, तर चूक त्याची नव्हे, यंत्राची असती. कॅसेट तपासण्याआधी यंत्र तपासावे.

याच्याशी लागून आणखी एक गंमत आहे. आपली यंत्रे पाल पद्धतीची, म्हणजे सेकंदाला ५० चित्रे दाखवणारी, आणि जपानी यंत्र ६० चित्रे दाखवणारे. गेममधले संगीत बहुधा चित्रागणिक पुढे सरकते, त्यामुळे आपण लहानपणी ऐकलेली मारिओची चाल मूळ चालीपेक्षा साधारण सहाव्या हिश्शाने संथ होती. स्वर जवळपास तेच, लय ठाय. अस्सल यंत्रावर पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाला काहीतरी धावतपळत चालले आहे असे वाटते आणि तो बिचारा कॅसेटीवर संशय घेतो.

दुसरी दुरुस्ती काळ्या थेंबाची. थेंब दिसला की नक्कल, हा नियम बहुतेक वेळा चालतो, पण नेहमीच नाही. काही परवानाधारक कंपन्यांच्या अस्सल कॅसेटींतही चीप अशीच थेंबाखाली बसवलेली आढळते. अक्लेमचे एनईएसचे काही बोर्ड तसे आहेत. म्हणून थेंब पाहून थांबू नये, त्या गेमच्या खात्रीच्या बोर्डाचे छायाचित्र शेजारी ठेवून ताडून पाहावे.

तपकीर गल्ली

दोन्ही दुरुस्त्या मान्य. माझे यंत्र खरोखरच तसले, वाट न जोडलेले निघाले. काल सर्किट उघडून पाहिले. म्हणजे मी चुकीच्या कारणाने बरोबर निष्कर्षाला पोचलो होतो, आणि कॅसेट उघडली नसती तर दोन्ही चुका झाकल्या गेल्या असत्या. माझ्या बोर्डावर कंपनीचे नाव नाही, क्रमांक नाही आणि पिनांवरचा मुलामा पांढुरका आहे, त्यामुळे तो नकलीच आहे याबद्दल आता शंका उरलेली नाही.

अटारी७७

मी अटारीच्या बाजूचा माणूस असल्यामुळे फॅमिकॉममध्ये फारसे बोलत नाही, पण पुराव्याचा मुद्दा निघाला म्हणून लिहितो.

बदलता येणाऱ्या रॉम कॅसेटीची कल्पना बाजारात आणली ती फेअरचाइल्डच्या चॅनल एफ यंत्राने, १९७६ साली, आणि ते काम जेरी लॉसन यांच्या देखरेखीखाली झाले. अटारीचे यंत्र पुढल्या वर्षी आले आणि तेच घरोघरी पोचले. अटारीच्या कॅसेटींत सर्वांत बदनाम 'ई.टी.'. १९८२च्या नाताळात विकता यावा म्हणून तो अवघ्या पाच आठवड्यांत लिहून घेतला होता. अपेक्षेइतका खपला नाही, दुकानांतून परत आला आणि सप्टेंबर १९८३मध्ये न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावच्या कचराडेपोत इतर मालाबरोबर पुरला गेला. ही दंतकथाच आहे असे पुष्कळांना वाटत असे. २६ एप्रिल २०१४ रोजी तिथे खणले तेव्हा कॅसेटी निघाल्या. सुमारे १,३०० बाहेर काढल्या. गावच्या प्रशासनाने त्यांतल्या ८८१ प्रमाणपत्रासह लिलावात विकल्या आणि एक लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. एका 'ई.टी.'ला १,५३५ डॉलर आले. लक्षात घ्या, हाच गेम अमेरिकेत कोणत्याही जुन्या सामानाच्या विक्रीत काही डॉलरांत मिळतो, आणि तो चालतोही. कचऱ्यातून निघालेला चुरगळलेला, वास मारणारा. किंमत आली ती त्या प्रमाणपत्राला. धागाकर्त्यांचे म्हणणे याहून स्वच्छ कुठे दिसणार नाही.

पुराव्याचे दुसरे टोक म्हणजे १९९० सालच्या 'निन्टेन्डो वर्ल्ड चॅम्पियनशिप्स' स्पर्धेची कॅसेट. स्पर्धा संपल्यावर अंतिम फेरीतल्या खेळाडूंना ९० राखाडी कॅसेटी क्रमांक घालून दिल्या गेल्या आणि २६ सोनेरी कॅसेटी निन्टेन्डोच्या मासिकातल्या बक्षीस योजनेत वाटल्या. आत तीन गेमचे तुकडे आहेत : मारिओत ५० नाणी मिळवायची, मग 'रॅड रेसर'ची शर्यत, मग उरलेल्या वेळात टेट्रिस, सगळे मिळून ६ मिनिटे २१ सेकंदांत. वेळ ठरवणाऱ्या बारीक कळांची पट्टी कवचाला पाडलेल्या खिडकीतून दिसते. आता गोम अशी की या कॅसेटींत कारखान्यात कोरलेल्या रॉमऐवजी ईप्रॉम चिपा आहेत. ईप्रॉममधली माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते आणि तो भार काही दशकांत झिरपू शकतो. वरची काचेची खिडकी उघडी राहून अतिनील किरण पोचले तर त्याहूनही लवकर. म्हणजे ज्या कॅसेटीचा बोर्ड सर्वांत मौल्यवान, तिच्यातली माहितीच सर्वांत नाजूक. नमुना-कॅसेटी, म्हणजे गेम बाजारात येण्याआधी परीक्षणासाठी बनवलेल्या प्रती, जे जमवतात त्यांनी हे विसरू नये. आत काय आहे त्याची प्रत आधी काढून ठेवावी, मग कपाटात ठेवावे.

सीलबंद खोक्यांच्या बाजाराबद्दल मात्र मी थोडे कडवट लिहिणार आहे. जुलै २०२१मध्ये 'सुपर मारिओ ६४'ची सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. हा गेम एक कोटीहून अधिक खपलेला, १९९६चा, कुठल्याही अर्थाने दुर्मीळ नाही. विकली गेली ती खोक्याची अवस्था, त्यावरचे प्लास्टिक आणि दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने दिलेला ९.८ हा अंक. आणि इथे धागाकर्त्यांचा नियम उलटा होतो : वस्तू जितकी महाग, तितकी ती उघडून पाहणे अशक्य. बोर्ड कोणी पाहिलेला नाही, पाहणारही नाही, आणि पाहिला की किंमत संपली. मला हा संग्रह वाटत नाही. कोणाला वाटत असेल तर त्याने सुखाने करावा, पण त्या आकड्यांवरून आपल्या खुल्या कॅसेटीचे भाव लावू नयेत. २०२१ नंतर तसे भाव लावलेल्या जाहिराती मी इतक्या पाहिल्या आहेत की आता फक्त पुढे सरकतो.

पहिलटकर

सर्वांना नमस्कार. वडिलांच्या कपाटात पिवळ्या रंगाची एक कॅसेट सापडली आहे, तिच्यावर '९९९९९९ इन १' असे लिहिले आहे. चालते. वरील वाचून असे वाटते की ही नकली असावी. हिला काही किंमत आहे का, की टाकून द्यावी?

तपकीर गल्ली

टाकू नका. त्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका; आत खरे गेम मोजकेच असतात आणि तेच वेगळ्या पातळीपासून किंवा वेगळ्या वेगाने सुरू करून यादी लांबवलेली असते. परदेशातल्या बाजारात तिला विशेष भाव नाही. प्रताधिकार कायद्याच्या दृष्टीनेही असल्या कॅसेटीचा व्यापार करणे मला योग्य वाटत नाही, त्यामुळे या धाग्यावर तरी पैशात व्यवहार नको. पण त्या कॅसेटीचा मेनू, त्यातले चित्र, गेमची मुद्दाम बदललेली नावे, हे सगळे कुठल्या अधिकृत यादीत सापडणार नाही, आणि नकली असल्यामुळेच ते जपायचे कोणाच्या मनात आले नाही. खोका शिल्लक असेल तर तोही ठेवा. आपल्या बाजारातले रंगीत पुठ्ठ्याचे खोके मला आजकाल अस्सल जपानी कॅसेटींपेक्षा कमी दिसतात, कारण ते त्या काळी पहिल्याच दिवशी फाडून फेकले जात.

जमल्यास त्यातला 'कॉन्ट्रा' चालू करून पाहा. पहिल्या पातळीवर झाडांची पाने हलत असतील आणि मधे मधे गोष्ट सांगणारी चित्रे येत असतील, तर ती प्रत फेब्रुवारी १९८८च्या जपानी आवृत्तीवरून घेतलेली आहे; अमेरिकी आवृत्तीत ती हालचाल नाही, कारण तिच्या कॅसेटीत जपानी कॅसेटीतली कोनामीची वेगळी चीप नव्हती.

निशिकासाई

मी गेली काही वर्षे टोकियोत राहतो आणि इथल्या जुन्या मालाच्या दुकानांत सुटीच्या दिवशी जात असतो, म्हणून मागवणाऱ्यांसाठी थोडे लिहितो.

इथे 'जंक' अशी चिठ्ठी लावलेल्या टोपल्या असतात. या शब्दाचा अर्थ मोडका असा नव्हे. दुकानाने वस्तू तपासलेली नाही आणि परत घेणार नाही, एवढाच तो अर्थ. माझ्याकडच्या जंक टोपलीतल्या बहुतेक कॅसेटी पिना साफ केल्यावर चालू झाल्या. मात्र इंटरनेटवरच्या लिलावात तोच शब्द विक्रेता स्वतःला वाचवण्यासाठी वापरतो, त्यामुळे तिथे अधिक जपून.

इरेम कंपनीच्या सुरुवातीच्या कॅसेटींत एक लाल दिवा असतो, कॅसेट चालू झाली की लागतो. १९८५चा 'स्पेलंकर' दिव्यासह आणि दिव्याविना, दोन्ही प्रकारे सापडतो. दिवा आधीच्या प्रतींत आहे. दिव्याची कॅसेट महाग नाही, पण ती पाहून मला जो आनंद होतो तो महाग कॅसेटीने कधी दिला नाही.

आणि एक प्रश्न सर्वांना विचारायचा आहे. इथल्या बऱ्याच कॅसेटींच्या मागे मार्करने मुलाचे नाव लिहिलेले असते; शाळेत, मित्राकडे नेताना हरवू नये म्हणून आईवडील लिहीत. दुकाने अशा प्रती स्वस्तात देतात. अनेक संग्राहक ती नावे स्पिरिटने पुसून टाकतात. मी पुसत नाही. पुसलेल्या जागी प्लास्टिक जास्त चकचकीत दिसते आणि नाव होते हे कळतेच, मग ते घालवून मिळवले काय? पुराव्याबद्दल एवढे बोलत असाल तर ते नावही पुरावाच आहे, असे मला वाटते. फक्त छायाचित्र टाकताना ते झाकावे.

शेवटचे सीमाशुल्काविषयी. भारतात मागवताना शुल्क वस्तूच्या किमतीबरोबर टपालखर्च आणि विमा धरून आकारले जाते, त्यामुळे एक एक कॅसेट वेगळी मागवणे परवडत नाही. विक्रेत्याला किंमत कमी लिहायला सांगू नये. ते बेकायदा तर आहेच, शिवाय पार्सल गहाळ झाले तर भरपाईही त्या कमी आकड्याचीच मिळते. मला हा धडा स्वतःच्या खर्चाने मिळालेला आहे.

मालवणी दमट

किनारपट्टीवरच्या मंडळींसाठी दोन गोष्टी. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कागदी लेबलांवर बुरशी धरते आणि बॅटरीच्या पट्ट्यांना हिरवट गंज येतो. मी कॅसेटी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पुड्या दर महिन्याला बदलतो. कॅसेटीत फुंकर मारणे आता तरी सोडावे. तोंडातली वाफ पिनांवर बसते. लहानपणी फुंकर मारल्यावर गेम चालू व्हायचा, तो फुंकरीने नव्हे, कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना नीट टेकायच्या म्हणून. साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरे. खोडरबर किंवा पितळ घासायची पेस्ट लावू नये, सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो.

ज्या कॅसेटीत खेळ साठवून ठेवता येतो तिच्यात बहुधा बटणासारखी बॅटरी असते आणि ती संपली की साठवलेले सगळे जाते. पोकेमॉनच्या गोल्ड, सिल्व्हर, क्रिस्टल या कॅसेटींत तीच बॅटरी घड्याळही चालवते, म्हणून ती इतरांपेक्षा लवकर संपते. तिथे सीआर२०२५ लागते. पट्ट्या आधीच जोडलेली बॅटरी विकत घ्यावी. साध्या बॅटरीवर थेट सोल्डर लावू नये, ती तापून फुटू शकते.

सोल्डरगन

बॅटरीच्या बाबतीत एवढेच जोडतो की ती बदललेली असेल तर विकताना सांगावे, लपवू नये. नीट बदललेली बॅटरी हा दोष नव्हे. आणि पिवळे पडलेले कवच हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरे करून देणाऱ्यांनीही तसे लिहावे, कारण तो पिवळेपणा पुढे परत येऊ शकतो.

निशिकासाई

धागाकर्ते, तुमच्या शिस्तीप्रमाणे पहिली अदलाबदल मीच सुचवतो. माझ्याकडे दिव्याच्या 'स्पेलंकर'च्या दोन प्रती आहेत. एकीच्या मागे नाव आहे, दुसरी कोरी. तुमच्याकडे आपल्या बाजारातले एखादे पुठ्ठ्याचे खोके जास्तीचे असेल तर त्याच्या बदल्यात एक देतो. आत कॅसेट नसली तरी चालेल, मला खोकाच हवा आहे.

तपकीर गल्ली

खोका आहे, लिटल मास्टरचा, एक कोपरा उंदराने कुरतडलेला. चारही बाजूंची छायाचित्रे रविवारी तारखेच्या चिठ्ठीसह टाकतो, कुरतडलेला कोपरा वेगळा दाखवतो. मला नाव लिहिलेली प्रत द्यावी.